जबलपूरचा दावा

जबलपूर हे नाव उच्चारले की मराठी श्रोत्याच्या डोळ्यांपुढे प्रथम उभे राहतात ते भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि त्यांमधून वाट काढीत जाणारी नर्मदा. इतिहासाची आवड असणाऱ्यास १८१७ सालापर्यंत तेथे चाललेला नागपूरकर भोसल्यांचा अंमल आठवतो. अलीकडचा काळ ठाऊक असणाऱ्यास १९३९ सालचे त्रिपुरी काँग्रेसचे अधिवेशन आठवते. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी नागपूर ही ज्याची राजधानी होती त्या जुन्या मध्यप्रदेशातील मराठी कुटुंबांना तर हे गाव परके असे कधी वाटलेच नाही. ह्या शहराच्या खात्यावर आणखी एक गोष्ट जमा केली जाते, आणि ती मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. आज इंग्लंडपासून चीनपर्यंत कोट्यवधी लोक जो स्नूकरचा खेळ डोळे लावून पाहतात, त्याचा जन्म १८७५ साली जबलपूरच्या छावणीत झाला, असे सांगितले जाते. 'सांगितले जाते' हे शब्द येथे हेतुपुरस्सर योजले आहेत; कारण हा दावा निर्विवाद नाही. तो कोणी केला, केव्हा केला, कोणत्या आधारावर केला आणि त्यावर कितपत विसंबावे, ह्याचा विचार करू लागले की एका खेळाच्या जन्मकथेपेक्षा काहीसा मोठा प्रश्न पुढे येतो. खेळातील विक्रम, अग्रमान आणि 'पहिलेपणा' ह्या गोष्टी मुळात सिद्ध कशा होतात, हा तो प्रश्न होय.

प्रथम खेळाविषयी दोन शब्द. स्नूकर हे बिलियर्ड्सचे भावंड. टेबल तेच, बारा फूट लांब, सहा फूट रुंद, हिरव्या बनातीने मढवलेले आणि सहा पॉकेटे असलेले. बिलियर्ड्समध्ये तीनच चेंडू असतात. स्नूकरमध्ये पंधरा तांबडे, सहा निरनिराळ्या रंगांचे आणि एक पांढरा असे बावीस. पांढऱ्या चेंडूवर क्यूने आघात करून आधी एक तांबडा, मग एक रंगीत, पुन्हा तांबडा, पुन्हा रंगीत, अशा क्रमाने चेंडू पॉकेटात घालावयाचे. तांबड्यास एक गुण. रंगीतांत पिवळ्याचे दोन, तेथपासून चढत जाऊन काळ्याचे सात. एका खेपेस न चुकता सलग मिळवलेल्या गुणांस 'ब्रेक' म्हणतात. पंधराही तांबड्यांबरोबर दर वेळी काळाच घेतला आणि शेवटी सहाही रंग क्रमाने संपवले, तर बेरीज १४७ होते. सर्वसाधारणपणे ही ह्या खेळाची परमावधी मानली जाते.

आता मूळ हकीकत. १८७० साली मुंबईकडून आलेला आणि कलकत्त्याकडून आलेला असे दोन्ही लोहमार्ग जबलपुरास येऊन मिळाले, आणि आधीच महत्त्वाच्या असलेल्या ह्या ठाण्याचे महत्त्व दुणावले. १८७५ साली तेथील छावणीत जी गोरी पलटण होती तीत नेव्हिल फ्रान्सिस चेंबरलेन नावाचा एक एकोणीस वर्षांचा दुय्यम अधिकारी होता. मध्य हिंदुस्थानातील पावसाळा म्हणजे कवायती बंद, शिकार बंद, आणि लांबच लांब दुपार मेसच्या बिलियर्ड्सच्या टेबलाभोवती काढावयाची. बिलियर्ड्स हा दोघांचा खेळ. मंडळी अधिक असली आणि थोड्या पैशांची पैज लावावयाची असली, की 'पिरॅमिड्स', 'लाइफ पूल' असे खेळ खेळत. पिरॅमिड्समध्ये पंधरा तांबडे चेंडू असत. लाइफ पूलमध्ये प्रत्येक खेळाडूचा चेंडू वेगळ्या रंगाचा असे. पुढे त्यात एका काळ्या चेंडूची भर पडून 'ब्लॅक पूल' तयार झाला होता. चेंबरलेनने ह्या काळ्याच्या जोडीला आणखी एक रंगीत चेंडू टेबलावर ठेवून पाहिला. मग आणखी ठेवले, प्रत्येकास निरनिराळे मोल दिले, आणि तांबडे व रंगीत ह्यांचा मेळ घातलेला एक नवाच खेळ हाती आला. निळा व तपकिरी हे चेंडू मागाहून आले, असे मानले जाते.

नावाची कथा तर अधिकच गमतीची आहे. एके दिवशी तोफखान्याचा एक तरुण अधिकारी मेसमध्ये पाहुणा म्हणून आला. तो इंग्लंडातील वूलिच येथील लष्करी विद्यालयातून शिकून आलेला. तेथे पहिल्या वर्षाच्या नवशिक्या विद्यार्थ्यास 'स्नूकर' म्हणतात, असे त्याने बोलता बोलता सांगितले. थोड्या वेळाने एका खेळाडूचा कोपऱ्यातल्या पॉकेटाजवळचा अगदी सोपा चेंडू चुकला. तेव्हा चेंबरलेन त्यास उद्देशून 'तू तर अगदी स्नूकर आहेस' असे म्हणाला. त्या शब्दाचा अर्थ इतरांस समजावून सांगितल्यावर त्या गृहस्थास वाईट वाटू नये म्हणून, ह्या नव्या खेळात आपण सगळेच स्नूकर आहोत, अशी पुस्तीही त्याने जोडली. मंडळींस शब्द आवडला आणि तो खेळालाच चिकटला.

पुढे चेंबरलेनची नेमणूक जनरल रॉबर्ट्स ह्यांच्या तैनातीत झाली. रॉबर्ट्स १८८१ ते १८८५ ह्या काळात मद्रासच्या लष्कराचे सरसेनापती होते, आणि उन्हाळ्यात सारा लवाजमा निलगिरीतील उटकमंडास जाई. तेथील क्लबात ह्या खेळाची फार आवड उत्पन्न झाली. त्याचे नियम लिहून काढण्यात आले आणि बिलियर्ड्सच्या दालनात लावण्यात आले. त्या काळचा इंग्लंडचा नामांकित बिलियर्ड्सपटू धाकटा जॉन रॉबर्ट्स हिंदुस्थानात येत-जात असे. १८८५ साली कलकत्त्यात कूचबिहारच्या महाराजांच्या पंगतीस त्याची व चेंबरलेनची गाठ पडली आणि हा नवा खेळ त्याने मायदेशी नेला, असे ह्या हकीकतीत पुढे आहे. १९०० साली इंग्लंडातील बिलियर्ड्स संघटनेने खेळाचे अधिकृत नियम मान्य केले.

इतकी सुसंगत आणि तपशीलवार हकीकत असताना वाद कशाचा, असे कोणी विचारील. वाद असा की ही सारी हकीकत कागदावर आली ती १८७५ साली नव्हे. ती आली १९३८ साली. त्या सुमारास हा खेळ मुळात वूलिचच्या लष्करी विद्यालयात निघाला, असे प्रतिपादन इंग्लंडात होऊ लागले होते. 'द फील्ड' ह्या इंग्रजी नियतकालिकातून त्यास उत्तर देण्यासाठी एक वृद्ध निवृत्त अधिकारी पुढे सरसावला. तोच हा चेंबरलेन. आता सर नेव्हिल चेंबरलेन, वय ब्याऐंशी. योगायोग असा की त्याच वर्षी इंग्लंडच्या पंतप्रधानपदी त्याच नावाचे दुसरे गृहस्थ होते, आणि पुष्कळ लोक आजही ह्या दोघांची गल्लत करतात. पंतप्रधान चेंबरलेन ह्यांचा जन्म १८६९ सालचा. १८७५ साली ते सहा वर्षांचे होते, एवढे सांगितले म्हणजे पुरे. १९३९ साली कॉम्प्टन मॅकेन्झी ह्या कादंबरीकाराने 'द बिलियर्ड प्लेअर' मासिकात लेख लिहून चेंबरलेनच्या बाजूने कौल दिला. कित्येक जुन्या लष्करी अधिकाऱ्यांनीही त्यास दुजोरा दिला. तेव्हापासून जबलपूर व १८७५ ही जोडी खेळाच्या इतिहासात रूढ झाली. चेंबरलेन १९४४ साली वारला.

म्हणजे प्रकरण असे आहे: घटना १८७५ ची, साक्ष १९३८ ची, मध्ये त्रेसष्ट वर्षांचे अंतर, आणि मुख्य साक्षीदार तोच ज्याला श्रेय मिळावयाचे आहे. अशा दाव्याचे काय करावयाचे? उत्तर देण्यापूर्वी ह्याच हिरव्या टेबलावर घडलेल्या इतर काही वादग्रस्त विक्रमांकडे पाहणे उपयोगाचे होईल. एखादी गोष्ट घडणे आणि ती विक्रम म्हणून मान्य होणे ह्यांत किती अंतर असते, ते त्यांवरून दिसून येईल.

पहिले उदाहरण टॉम रीसचे. १९०७ साली लंडनमध्ये ह्या बिलियर्ड्सपटूने दोन चेंडू पॉकेटाच्या तोंडाशी अशा खुबीने अडकवून ठेवले की आपल्या चेंडूने त्यांस हलकेच स्पर्श करीत दर खेपेस दोन-दोन गुण घेत राहता यावे. ३ जून रोजी सुरू झालेला हा ब्रेक ६ जुलै रोजी थांबला तेव्हा गुण झाले होते ४,९९,१३५. आणि तेव्हाही रीस चुकला नव्हता. प्रतिस्पर्धी बिचारा पाच आठवडे नुसता येऊन बसत होता! इतका प्रचंड आकडा. पण विक्रमांच्या यादीत त्यास अधिकृत स्थान मिळाले नाही. कारण खेळाच्या सर्व वेळी वृत्तपत्रांचे प्रतिनिधी आणि प्रेक्षक हजर नव्हते. त्याच पद्धतीने त्याच वर्षी विल्यम कुकने केलेला ४२,७४६ गुणांचा ब्रेक मात्र प्रमाणित झाला. रीसच्या गुणांच्या दहाव्या हिश्शाहूनही तो कमी आहे. कृती झाली होती. साक्ष अपुरी पडली.

दुसरे उदाहरण जो डेव्हिस ह्या अलौकिक खेळाडूचे. २२ जानेवारी १९५५ रोजी लंडनमधील लेस्टर स्क्वेअर हॉलमध्ये विली स्मिथविरुद्ध खेळताना त्याने १४७ चा ब्रेक केला. प्रेक्षक होते, साक्षीदार होते, शंकेस जागा नव्हती. तरी नियामक मंडळाने प्रथम त्यास मान्यता नाकारली. का? तर त्या सामन्यात व्यावसायिक खेळाडूंचा एक नियम लागू होता, ज्यान्वये फाउल करणाऱ्यास प्रतिस्पर्धी पुन्हा खेळावयास लावू शके. मंडळाच्या नियमावलीत तेव्हा तो नव्हता. वास्तविक १४७ चा ब्रेक होत असताना त्या नियमाचा उपयोग होण्याचा संबंधच नव्हता. शेवटी १९५७ साली मंडळाने मान्यता दिली. तत्पूर्वी, १९३४ साली, मर्ट ओडोनोह्यू ह्या खेळाडूने ऑस्ट्रेलियातील ग्रिफिथ येथे १४७ केले होते. त्यावर अधिकृत शिक्का कधीच बसला नाही, म्हणून 'पहिला' हा मान डेव्हिसकडे गेला. १९७९ साली जॉन स्पेन्सरने स्पर्धेत १४७ केले तेव्हा टेबलाची पॉकेटे ठरलेल्या मापाहून मोठी निघाली. शिवाय नेमके त्या वेळी दूरचित्रवाणीचे कॅमेरे चालू नव्हते. म्हणून स्पर्धेतील पहिला अधिकृत १४७ नोंदला गेला तो १९८२ साली, स्टीव्ह डेव्हिसच्या नावावर. येथे कृती होती, साक्षही होती. नियम आडवा आला.

तिसरे उदाहरण ह्याच्या अगदी उलट आहे. १९५२ साली व्यावसायिक खेळाडू आणि नियामक मंडळ ह्यांच्यात पैशाच्या वाटपावरून तंटा झाला आणि बहुतेक सर्व खेळाडूंनी जागतिक अजिंक्यपदावर बहिष्कार टाकला. ऑस्ट्रेलियाचा होरेस लिंड्रम आणि न्यूझीलंडचा क्लार्क मॅकॉनकी एवढे दोघेच उरले. मँचेस्टर येथे त्यांचा सामना झाला. लिंड्रमने तो ९४ विरुद्ध ४९ डावांनी जिंकला आणि जगज्जेतेपदाचा शिक्का त्याच्या नावावर उमटला. बहिष्कार टाकणाऱ्यांनी आपली निराळी स्पर्धा भरवली आणि तीत फ्रेड डेव्हिस विजयी झाला. त्या वर्षीचा खरा जगज्जेता कोण? मंडळाचे दप्तर एक नाव सांगते, खेळाडूंचा समाज दुसरे. हा प्रश्न अजून मिटलेला नाही. २०१० साली नील रॉबर्टसन जगज्जेता झाला तेव्हा त्यास 'पहिला ऑस्ट्रेलियन' म्हणावे की 'दुसरा', हे लिंड्रमला तुम्ही मोजता की नाही ह्यावर अवलंबून राहिले. येथे शिक्का होता, नियम होता. पण मैदानात प्रतिस्पर्धीच नव्हते.

अग्रक्रमाच्या याद्यांची कथाही अशीच. जो डेव्हिसने पंधरा जागतिक अजिंक्यपदे मिळवली, असे सर्वत्र छापलेले असते. १९२७ ते १९४० पर्यंत दर वर्षी आणि १९४६ साली एकदा, असा तो हिशेब. पण ह्या स्पर्धेच्या नावात 'जागतिक' हा शब्द अधिकृतपणे आला तो १९३५ साली. आधीची पदे मागाहून त्या खात्यावर चढवली गेली. १९३१ साली तर स्पर्धेत दोनच खेळाडू होते. ह्यास्तव अनेक अभ्यासक १९६९ सालापासून, म्हणजे बाद पद्धतीने स्पर्धा पुन्हा सुरू झाली तेव्हापासून, 'आधुनिक युग' मोजतात. आणि त्या युगात स्टीफन हेंड्री व रॉनी ओसुलिव्हन हे प्रत्येकी सात पदांसह अग्रस्थानी येतात. खेळाडूंची अधिकृत क्रमवारी तर १९७६ साली सुरू झाली आणि तिच्यात पहिले नाव रे रिअर्डनचे होते. तत्पूर्वीच्या खेळाडूंना कोणता क्रमांक द्यावयाचा, ह्याचे मापच अस्तित्वात नाही. पंधरा मोठे की सात, हा प्रश्न दिसतो अंकगणिताचा. वस्तुतः तो व्याख्येचा आहे.

चौथी गोष्ट म्हणजे, विक्रम झाल्यावर नियमच बदलला तर? बिलियर्ड्सचा सर्वश्रेष्ठ खेळाडू म्हणून ज्याचे नाव घेतात तो वॉल्टर लिंड्रम, म्हणजे वर उल्लेखिलेल्या होरेसचा मामा. १९३२ साली त्याने लंडनमध्ये ४,१३७ गुणांचा ब्रेक केला. त्याच्या ह्या अखंड खेळाला आळा घालण्यासाठी खेळाचे नियमच बदलण्यात आले. साहजिकच त्यानंतर जन्मलेल्या कोणाही खेळाडूस त्या आकड्याशी सरळ स्पर्धा करणे शक्य उरले नाही. १९९२ साली आपल्या गीत सेठीने जागतिक व्यावसायिक स्पर्धेत १,२७६ गुणांचा ब्रेक केला. हा आकडा ४,१३७ पेक्षा लहान आहे म्हणून पराक्रम लहान, असे म्हणणे म्हणजे बैलगाडीच्या वाटेवरचे कोस आणि डोंगरवाटेवरचे कोस एकाच मापाने मोजण्यासारखे होय. अगदी आजही पंकज अडवाणीच्या पंचवीसहून अधिक जागतिक पदांची बेरीज करताना गुणांवर खेळली जाणारी स्पर्धा आणि वेळेवर खेळली जाणारी स्पर्धा एकाच रकान्यात घालावी की नाही, हा प्रश्न उरतोच.

महाराष्ट्राला तर हा विषय घरचाच आहे. १९२२ साली पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स ह्यांनी १९५८ साली कलकत्त्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स अजिंक्यपद मिळवले आणि १९६४ साली न्यूझीलंडमध्ये ते पुन्हा जिंकले. 'भारताचा पहिला जगज्जेता' हे बिरुद त्यांच्या नावामागे लावले जाते. मग १९१० साली लंडनला जाऊन झ्बिस्कोसारख्या मल्लास ज्याने हतबल केले, ज्यास 'जॉन बुल' पट्टा मिळाला आणि ज्यास सारा हिंदुस्थान जगज्जेता म्हणत आला, त्या गामा पहिलवानाचे काय? उत्तर असे की १९१० साली व्यावसायिक कुस्तीस एक सर्वमान्य जागतिक संघटना नव्हती. १९५८ साली हौशी बिलियर्ड्सला ती होती. ह्यात गामाचा पराक्रम उणा ठरत नाही आणि जोन्स ह्यांचा मान खोटा ठरत नाही. 'स्वतंत्र भारताचा अधिकृत स्पर्धेतील पहिला जगज्जेता' असे म्हटले की दोघांनाही न्याय मिळतो. दोन-तीन शब्दांची काटकसर केली की मात्र भांडण उभे राहते.

ह्या सर्व उदाहरणांतून विक्रमाची चार अंगे हाती लागतात: कृती, साक्ष, नियम आणि खुली स्पर्धा. चारही जुळली तर विक्रम निर्वेध. एक निखळले की वाद. आता ह्याच कसोटीवर जबलपूरचा दावा घासून पाहू.

प्रतिकूल गोष्टी प्रथम. चेंबरलेनच्या सांगण्यास १८७५ सालच्या लिखित कागदाचा आधार दिला जात नाही. साल त्याच्या स्मरणावर उभे आहे. माणसास घटना आठवते, पण तिचे साल सरकते, हा प्रत्येकाचा अनुभव आहे. शिवाय पुढच्या लेखकांनी त्यात आपापली भर घातली. 'डेव्हनशायर रेजिमेंटच्या मेसमध्ये' असे पुष्कळ पुस्तकांत सरसकट छापलेले असते. पण त्या पलटणीस ते नाव मिळाले १८८१ साली. १८७५ मध्ये ती अकरावी पायदळ पलटण होती. ही चूक लहान आहे. परंतु मागाहून सांगितलेल्या गोष्टीत मागाहूनचे शब्द कसे शिरतात ह्याचा तो नमुना आहे. तसेच जबलपुरात आज नर्मदा क्लबाचे नाव ह्या खेळाच्या जन्माशी जोडले जाते, आणि तेथे येणाऱ्या पाहुण्यांस ते कौतुकाने सांगितलेही जाते. चेंबरलेनच्या हकीकतीत मात्र प्रसंग घडतो तो पलटणीच्या मेसमध्ये, क्लबात नव्हे. गावाचा अभिमान आणि मूळ साक्ष ह्यांच्यात येथे सूक्ष्म अंतर पडलेले दिसते.

आता अनुकूल गोष्टी. एक तर चेंबरलेनने हा दावा करण्याची घाई कधीच केली नाही. अफगाण युद्ध, काश्मीर दरबारातील नोकरी, दक्षिण आफ्रिकेची मोहीम, आयर्लंडच्या पोलीस दलाचे प्रमुखपद, एवढा मोठा कारभार त्याने केला. ह्या खेळातून त्यास पैशाचाही लाभ नव्हता. दुसऱ्याने वेगळा दावा केला तेव्हाच तो बोलला. दुसरे असे की तो बोलला तेव्हा त्याच्या पिढीतील काही माणसे हयात होती. त्यास खोटे पाडणे अशक्य नव्हते, आणि जे पुढे आले त्यांनी दुजोराच दिला. तिसरे, हकीकतीतील तपशील आतून जुळतात. पिरॅमिड्सचे पंधरा तांबडे आणि पूलचे रंगीत चेंडू ह्यांचे मिश्रण हेच स्नूकरचे स्वरूप आहे. कंटाळलेल्या मेसमध्ये असे मिश्रण होणे अगदी स्वाभाविक होते. चौथे, उटकमंडास नियम लागले ही गोष्ट त्या क्लबाच्या परंपरेने जपलेली आहे. आणि नियम लिहिण्याची गरज पडते ती खेळ काही काळ रुळल्यावरच.

वूलिचच्या पक्षाविषयी काय म्हणावे? येथे एक गोष्ट ध्यानात घेतली की निम्मा वाद आपोआप विरतो. 'स्नूकर' हा शब्द वूलिचचा, हे खुद्द चेंबरलेनच सांगतो. वाद आहे तो खेळाचा. शब्द एका गावी जन्मावा आणि वस्तू दुसऱ्या गावी, ह्यात नवल काहीच नाही. बॅडमिंटनचेच पाहा. नाव मिळाले इंग्लंडातील एका उमरावाच्या वाड्यावरून. पण त्या खेळाचे जुने नियम आपल्या पुण्याच्या लष्करी छावणीत बांधले गेले, आणि 'पूना' हे त्याचे एक नावही होते. एका ठिकाणी कल्पना, दुसऱ्या ठिकाणी नाव, तिसऱ्या ठिकाणी नियम, चौथ्या ठिकाणी प्रसार, अशीच बहुतेक खेळांची वाटचाल असते. स्नूकरच्या बाबतीत जबलपूर, वूलिच, उटकमंड आणि इंग्लंड ही ती चार ठिकाणे होत. 'जन्मगाव' हा एकवचनी शब्द वापरला की ह्या चौघांना उगाच एकमेकांविरुद्ध उभे करावे लागते.

एका साक्षीचा मात्र कोणीच शोध घेतला नाही, आणि तिची उणीव मनाला लागून राहते. मेसमधील बिलियर्ड्सच्या टेबलापाशी एक मार्कर असावयाचा. गुण मांडणे, चेंडू जागी ठेवणे, क्यू जपणे हे त्याचे काम. आणि ह्या देशातील मेसमध्ये ते काम हिंदी माणसे करीत. चेंबरलेनने दुसरा रंगीत चेंडू मागितला तेव्हा तो कपाटातून काढून कोणी दिला? कोणता चेंडू किती गुणांचा, हे त्या गोंधळाच्या पहिल्या दिवसांत कोणी ध्यानात ठेवले? खेळणारी पलटण बदलून जाई. नोकरवर्ग बहुधा गावातलाच असे. त्याला जर कोणी विचारले असते, तर कोणत्या पावसाळ्यात हा खेळ सुरू झाला हे कदाचित त्यानेच अधिक नेमके सांगितले असते. परंतु १९३८ साली लंडनच्या नियतकालिकात पत्र लिहिण्याची सोय त्याला नव्हती, आणि त्याचे नाव लिहून ठेवावे असे कोणास वाटले नाही. रीसच्या ब्रेकला वृत्तपत्राचा प्रतिनिधी हजर नव्हता म्हणून मान्यता मिळाली नाही. येथे साक्षीदार हजर होता, पण साक्षीदार म्हणून त्याची गणनाच झाली नाही. इतिहासात पुष्कळ कागद हरवतात. पुष्कळ कागद मुळात लिहिलेच जात नाहीत, आणि दुसऱ्या प्रकारची हानी भरून काढता येत नाही.

तेव्हा निकाल काय? जबलपूरचा दावा खोटा आहे असे म्हणण्यास आधार नाही. उलट त्याच्याशी टक्कर देईल असा अधिक बळकट दावा कोणीही मांडलेला नाही. परंतु तो एखाद्या शिलालेखासारखा सिद्धही नाही. बळकट संभाव्यता असे त्याचे वर्णन केले तर ते उचित होईल. खेळाचा उगम जबलपूरच्या छावणीत, ही गोष्ट बरीच खात्रीची. १८७५ हे साल त्याहून थोडे कमी खात्रीचे. आणि अमुक इमारतीतील अमुक टेबल, ही गोष्ट त्याहूनही कमी. खात्रीच्या ह्या पायऱ्या निरनिराळ्या ठेवणे हेच नोंद ठेवणाराचे खरे काम.

आपल्याकडे 'पहिला', 'सर्वांत मोठा', 'सर्वांत जुना' ह्या विशेषणांचा मोह फार. प्रत्येक गावास असे एखादे विशेषण हवे असते आणि ते मिळाले की त्याची छाननी करणारा गावाचा शत्रू ठरतो. वस्तुतः छाननीने खऱ्या गोष्टीचे काही बिघडत नाही. जबलपूरने आपल्या ह्या वारशाची पाटी लावावयाची ठरवली, तर तिच्यावर 'स्नूकरचे जन्मस्थान, १८७५' एवढेच कोरण्यापेक्षा असे कोरावे: 'ह्या छावणीत १८७५ साली आपण हा खेळ सुरू केला, असे नेव्हिल चेंबरलेन ह्याने १९३८ साली लिहून ठेवले.' हे वाक्य थोडे लांब आहे आणि त्याचा डौलही थोडा कमी आहे. पण वूलिचचा कट्टर अभिमानी जरी त्या पाटीपुढे येऊन उभा राहिला, तरी त्यातील एकही अक्षर त्याला खोडता येणार नाही.